जहाल, मवाळ आणि एकधारी

दिवाळीच्या पहाटेवर आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. उटणे, सुवासिक तेल, बंबातले कढत पाणी, पायाखाली फुटणारे कारीट, यांतले काहीही लेखकांच्या तावडीतून सुटलेले नाही. परंतु त्याच पहाटे घरातले पुरुष खिडकीच्या गजाला आरसा अडकवून, मान वाकडी करून आणि गाल फुगवून ज्या एका कामात गढलेले असतात, त्याच्या वाट्याला चार ओळीही येत नाहीत. अभ्यंगाच्या आधी दाढी उरकावयाची घाई, बाहेरून 'आटपले का?' म्हणून चाललेला पुकारा, आणि हातात धारदार पाते! रोज कोट्यवधी माणसे स्वतःच्या गळ्यावरून पोलाद फिरवितात आणि मग शांतपणे चहा पितात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल आपल्याला जाणवेनासे झाले आहे. हे नवल ज्या हत्याराने प्रथम घडविले, आणि जे आज जवळजवळ विस्मृतीत गेले आहे, त्या एकधारी सेफ्टी रेझराची हकीकत मला सांगावयाची आहे.

सेफ्टी रेझर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ते दोन्ही कडांना धार असलेले, मध्ये भोके पाडलेले, कागदाच्या पाकिटातले पातळ पाते. ते जिलेटचे. ते विक्रीस आले १९०३ साली. पण 'सेफ्टी रेझर' हे नाव त्याच्या तेवीस वर्षे आधी, १८८० साली, अमेरिकेच्या पेटंट कचेरीत नोंदले गेले होते, आणि त्या रेझराला धार एकच होती. त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे एकधारी रेझर नाना रूपांनी घडत आणि सुधारत राहिला.

माझ्याजवळ असे चौदा रेझर आहेत. 'एका तोंडाला चौदा हत्यारे कशाला?' हा आमच्या घरातला प्रश्न बिनतोड आहे आणि त्याचे उत्तर मी अद्याप दिलेले नाही. दोन पुण्याच्या जुन्या बाजारात मोडक्या कुलपांच्या ढिगात सापडले, एक मुंबईच्या चोरबाजारात घासाघीस करून घेतला, आणि बाकीचे न्यू जर्सीला राहणाऱ्या भाच्याने तिकडच्या जुन्या वस्तूंच्या बाजारांतून हुडकून आणले. मी ते काचेच्या कपाटात मांडून ठेवीत नाही. एकेक रेझर आठवडाभर वापरतो आणि त्याच्याविषयी वहीत चार ओळी टिपून ठेवतो.

या वस्तूंचे शौकीन जगभर आहेत, आणि त्यांतले दोघे एकत्र आले की त्यांचा वाद एकाच मुद्द्यावर जुंपतो. कोणता रेझर किती 'ॲग्रेसिव्ह' आणि किती 'एफिशंट'? पहिल्या शब्दाला मराठीत फार नामी प्रतिशब्द तयार आहे. ज्या जहाल आणि मवाळ पक्षांची १९०७ साली सुरतेस फाटाफूट झाली, त्यांची नावे येथे चपखल बसतात. हात किंचित चुकला की कातडीशी भांडण काढणारा रेझर जहाल, आणि चूक पोटात घालणारा तो मवाळ. दुसऱ्या शब्दाला मी 'कर्तबगारी' म्हणतो. एका हातात किती खुंट निघाले, ही कर्तबगारी. आता, जो जहाल तोच कर्तबगार आणि जो मवाळ तो नुसताच सज्जन, अशी सर्वसाधारण समजूत असते. राजकारणात ती कितपत खरी आहे याचा निर्णय जाणकारांनी करावा. रेझरांच्या बाबतीत ती खरी नाही.

जहालपणा कशात असतो ते पाहू. पात्याच्या खालच्या अंगाला, धारेच्या जरा पुढे, एक कठडा असतो. कुठे तो सरळ पट्टीसारखा, तर कुठे फणीसारखा दातेरी. वरच्या अंगाला झाकण असते. कठडा आणि धार यांच्यामध्ये जी फट राहते ती जितकी मोठी, तितकी कातडी तिच्यात फुगून वर येते. याशिवाय झाकणाची कड आणि कठड्याची कड यांना जोडणारी एक रेघ मनातल्या मनात ओढा आणि पात्याची धार त्या रेघेबाहेर डोकावते की आत दडून राहते, ते पाहा. डोकावणारी धार जहाल, दडलेली मवाळ. हा सगळा मामला मिलिमीटरच्या अपूर्णांकांतला आहे. नुसत्या डोळ्यांना दोन रेझर जुळे भाऊ दिसावेत आणि गालाला मात्र त्यांतला फरक पहिल्याच हातात कळावा, असे पुष्कळदा होते.

कर्तबगारीची गणिते वेगळी. धार तर हवीच. पण तिच्या जोडीला पात्याचा ताठपणा आणि गालाशी त्याचा होणारा कोन यांचे महत्त्व फार मोठे. पाते लवचिक असेल तर खुंटावर आदळताच ते किंचित मागे वाकते, मग सुटून पुढे झेपावते, आणि अशा हिसक्याहिसक्यांनी केस तुटतो. हे हिसकेच गालाला झोंबतात. दोन धारांचे पाते आज सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. अमेरिकन एकधारी पाते सुमारे ०.२३ मिलिमीटर, म्हणजे दुपटीहून थोडे अधिक; पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून तो भरतो जवळजवळ बारापट. शिवाय त्याच्या पाठीला पोलादाची घडी घातलेली असते, ती वेगळीच. दोन धारांचे पाते झाकणाखाली कमानीसारखे वाकवून हा उणेपणा बराचसा भरून काढतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही जाड पात्याची चाल ती जाड पात्याची चाल.

आता यातून एक साधा हिशेब निघतो. मवाळ पण निरुद्योगी रेझर एका जागेवरून चारदा फिरवावा लागतो. पहिल्या हाताला फेस असतो, दुसऱ्याला फेसाची आठवण असते, आणि तिसरा-चौथा हात कोरड्या कातडीवरून जातो. एका हातात स्वच्छ काम करणारा रेझर थोडा जहाल असला, तरी एकंदर दुखापत कमी करतो. पावसाळ्यात छत्रीशिवाय चौकात जाऊन लगेच परतणारा माणूस आणि फाटकी छत्री घेऊन तासभर हिंडणारा माणूस, यांत भिजतो कोण, हे ज्याने त्याने ठरवावे.

या हिशेबाकडे कारागीर हळूहळू आले. अठराव्या शतकात पेरे नावाच्या फ्रेंच कारागिराने सुताराचा रंधा पाहिला. रंध्याचे पाते लाकडात हवे तेवढेच शिरते, मग वस्तऱ्याचे का शिरू नये, असे त्याच्या मनात आले आणि त्याने वस्तऱ्याला लाकडाचा कठडा बसविला. १७७० च्या सुमारास त्याने स्वतःची दाढी स्वतः कशी करावी, यावर चक्क एक पुस्तकही छापले. पुढे १८४७ साली विल्यम हेन्सन या इंग्रजाने मूठ पात्याशी काटकोनात, खुरप्यासारखी बसविली. रेझराला आजचा आकार आला तो तिथून. हा हेन्सन म्हणजे वाफेच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानाचे आराखडे काढून लंडनमध्ये चेष्टेचा विषय झालेला गृहस्थ. विमान काही उडाले नाही. खुरपे मात्र जगाच्या गालांवरून अजून फिरत आहे.

कठडा आणि खुरपे यांचा संयोग न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी केला. जर्मनीतून आलेल्या या भावांचे पेटंट १५ जून १८८० चे. त्यांच्या 'स्टार' रेझरचे डोके म्हणजे पत्र्याची एक लहानशी डबी. निघालेला फेस तिच्यात साठावा आणि वर दीड इंचाचे पाते अडकावे. हे पाते म्हणजे वस्तऱ्याचाच कापून काढलेला तुकडा. पाठीला जाड, धारेकडे निमुळता. तो फेकून द्यावयाचा नसे. रोज काढून एका वेगळ्या चिमट्यात धरावयाचा, चामड्याच्या पट्ट्यावर परजावयाचा, आणि अधूनमधून सहाणेवर घासावयाचा. न्हाव्याची धोकटीच जणू लहान करून गिऱ्हाइकाच्या हाती दिली होती. तिच्यातले कौशल्य मात्र ज्याचे त्याने पैदा करावयाचे होते. अमेरिकन साहित्यिक आणि डॉक्टर ऑलिव्हर वेन्डेल होम्स १८८६ साली युरोपच्या प्रवासाला निघाला, तेव्हा हा रेझर त्याच्या सामानात होता. हेलकावे खाणाऱ्या बोटीवर आरशावाचून बिनधास्त दाढी करता येते, याचे त्याला इतके कौतुक वाटले की पुढल्या वर्षी छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने या रेझराची मनसोक्त शिफारस करून टाकली.

माझ्याजवळच्या स्टारविषयी वहीतली नोंद अशी: 'जहालपणा बेताचा. कर्तबगारी सर्वस्वी आदल्या रात्रीच्या मेहनतीवर.' पट्ट्यावर पन्नास हात मनापासून मारले असतील तर लोण्यातून सुरी जावी तसे खुंट निघतात. कंटाळा केला असेल, तर तोच रेझर फेसाखाली केस ओढू लागतो. रेझराची परीक्षा घेता घेता आपलीच परीक्षा होऊन बसते, आणि सकाळी सातच्या सुमारास ती कोणालाच नको असते.

इंग्लंडात विल्किन्सन या तलवारी घडविणाऱ्या पेढीने १८९८ पासून असे रेझर काढले. परजण्याचा त्रास आठवड्यावर लोटावा म्हणून सात पात्यांची पेटी मिळे, आणि प्रत्येक पात्यावर त्याचा वार कोरलेला असे. ही पेटी आमच्या आजीच्या हाती पडली असती, तर मंगळवारचे आणि शनिवारचे पाते तिने मोलकरणीला कोयरी चिरावयास देऊन टाकले असते. तिच्या राज्यात त्या दोन वारी घरात दाढी होत नसे.

जिलेटची हकीकत सर्वश्रुत आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. किंग कॅम्प जिलेट बाटल्यांची बुचे विकणाऱ्या कंपनीचा फिरता विक्रेता. परजण्यासारखे जाड पाते ठेवावयाचेच नाही, कागदासारखे पातळ करावयाचे आणि बोथट झाले की फेकून द्यावयाचे, ही कल्पना त्याला १८९५ साली सुचली, आणि ती यंत्रात उतरवावयाला निकर्सन नावाच्या इंजिनियरला पुढली काही वर्षे लागली. १९०३ साली एकूण ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढे महायुद्धात अमेरिकेच्या सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर विकत घेतले, तेव्हा हा सौदा मिटला. विषारी वायूपासून वाचविणारा मुखवटा दाढीवर घट्ट बसत नाही. युद्धावरून परतलेल्या पिढीला दोन धारांची सवय लागून आली होती.

पण ब्रूकलिनची मंडळी स्वस्थ बसली नव्हती. फेकून देण्याची कल्पना त्यांनी घेतली आणि पात्याचा ताठपणा सोडला नाही. पाते पातळ पण पुरेसे भरीव, एकच धार, पाठीला पोलादी घडी. या कल्पनेवर 'जेम' आणि 'एव्हररेडी' हे रेझर उभे राहिले. १९०६ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीचे नाव 'अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनी'. मौज अशी की १९०१ साली जिलेटने आपल्या कंपनीला हेच नाव दिले होते, आणि वर्षभराने बदलून स्वतःचे लावले. प्रतिस्पर्ध्याने टाकलेला अंगरखा घालूनच ब्रूकलिनकर त्याच्याशी झुंजावयास उतरले. कालांतराने काम्फे बंधूंचा स्टारही त्यांच्याच पंखाखाली आला.

या घराण्यातला माझा आवडता रेझर म्हणजे १९३० च्या दशकातला, दातेरी कठड्याचा 'जेम मायक्रोमॅटिक'. पितळेचा, वजनदार. मुठीचे बूड पिळले की डोक्यावरची झडप किल्ल्याच्या दिंडीसारखी उघडते. पाते आत सरकवून उलट पिळले की मिटते आणि पाते जागच्या जागी जखडते. त्याचे डोके मोठे, चपटे, आणि त्यातच सगळी किल्ली आहे. दोन धारांच्या सवयीचा माणूस मूठ खाली धरून, साधारण मधल्या कोनात रेझर चालवू पाहतो. मायक्रोमॅटिकला ते खपत नाही. त्याचे चपटे डोके गालावर सपाट टेकवावे, मूठ जवळजवळ गालाशी काटकोनात राहू द्यावी आणि मग वजनानेच त्याला खाली येऊ द्यावे. असे केले की पात्याचा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. आपल्या मनगटाला ढवळाढवळ करावयास जागा उरत नाही.

तो जहाल आहे काय? आहे. माझ्या चौदांत त्याच्याइतका स्पष्टवक्ता दुसरा नाही. मूठ कलती केली की फणीच्या दातांमागून धार एकदम पुढे येते. परंतु डोके सपाट ठेवले, तर तीन दिवसांची दाढी एका सुलट्या हातात इतकी उतरते की उलटा हात केवळ हौसेखातर मारावयाचा. आणि तो बोलतो! जाड पाते खुंट कापताना कर्र कर्र असा स्वच्छ आवाज देते, आणि जागा साफ झाली की आवाज थांबतो. त्या आवाजावरून हात कुठे उचलावा ते कळते. साफ झालेल्या जागेवरून पुन्हा जाण्याचा मोह या एका गोष्टीने वाचतो. जेमच्या जाहिरातींनी त्याच दशकात इंग्रजी भाषेला 'पाच वाजताची सावली' हा वाक्प्रचार दिला. सकाळी केलेल्या दाढीची संध्याकाळी पाच वाजता गालावर जी काळसर झाक दिसते ती. कारकुनाच्या गालावर संध्याकाळी काय दिसते याची त्याला लाज वाटावयास लावून पाती खपविण्याची ही युक्ती मला मुळीच पसंत नाही, पण रेझर चांगला होता हे नाकारून चालणार नाही.

त्याच्याहून आधीचा एव्हररेडी, ज्याला पेटंटच्या सालावरून शौकीन मंडळी नुसते 'एकोणीसशे बारा' म्हणतात, तो दिसावयास ओबडधोबड. झाकण डबीच्या झाकणासारखे उचलावयाचे, पाते ठेवावयाचे, मिटावयाचे. जहालपणात तो मायक्रोमॅटिकच्या एक पायरी खाली, कर्तबगारीत अर्धी पायरी. आणि १९४० च्या दशकातला मायक्रोमॅटिकचा धाकटा भाऊ, ज्याच्या कठड्याचे दात जाऊन तिथे खाचा पाडलेली पट्टी आली, तो तर माझ्या मते या घराण्याचा सर्वांत समंजस मुलगा. पाते तेच, कोन तोच, ताठपणा तोच. फक्त कातडीला सांभाळणारा कठडा अधिक मायाळू. जहालपणा चांगलाच उतरला आणि कर्तबगारी जवळजवळ तशीच राहिली. दोन्ही गुण एकाच तागडीत नसतात, याचा याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही.

दुसऱ्या टोकाला 'व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप'. हेन्री गेइसमन या न्यूयॉर्कच्या संशोधकाने पाते बाहेर न काढता परजण्याची सोय केली. रेझराच्या डोक्यातूनच चामड्याचा पट्टा ओवावयाचा आणि मागे-पुढे करावयाचे. प्रत्येक खेपेला पाते आपोआप कूस बदलते आणि टक् टक् करीत धार लावून घेते. पाहात राहावे असे यंत्र आहे. फट अगदी लहान, धार लाजरी. म्हणून स्वभावाने पुरता मवाळ. आणि तरी काम चोख, कारण पाते ताठ आणि धार रोजची ताजी. याच गेइसमनने फोटोच्या फिल्मवर तारीख-टीप लिहिण्याची युक्ती काढून ती १९१४ साली कोडॅकला ३ लाख डॉलरला विकली होती. पुढे पात्याच्या पेटंटावरून त्याचा जिलेट कंपनीशी तंटा लागला, आणि १९३० साली दोन्ही कंपन्या एक झाल्या तेव्हा त्या मोठ्या घराच्या खुर्चीवर गेइसमनच जाऊन बसला. लग्नात नवरदेवाच्या घोड्यावर वधूपिता बसावा, असा तो प्रकार झाला.

विलायती 'रोल्स रेझर' आपल्याकडच्या काही वाचकांनी आजोबांच्या ट्रंकेत पाहिला असेल. निकेलची चपटी पेटी. एका झाकणाच्या आत सहाण, दुसऱ्याच्या आत चामडे. पाते आतच बसवून मूठ पुढे-मागे सारली की खटक्-खटक् आवाज करीत पाते उलटसुलट होते. एक पाते वर्षानुवर्षे चाले. ते वस्तऱ्याच्या घाटाचे, भरीव, आणि कठडा नावापुरता. वजन हलके ठेवून चालविले तर फार सुरेख. घाईच्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये.

आणि शेवटी कर्नल जेकब शिक. अमेरिकेच्या सैन्यातला हा अधिकारी. बंदुकीत जशी एकामागून एक काडतुसे सरकतात तशी रेझरात पाती सरकावीत, बोटाने पात्याला शिवावयाचेच काम नको, असा त्याचा विचार. १९२६ साली त्याचा रेझर बाजारात आला. दट्ट्या दाबला की जुने पाते बाहेर, नवे आत. डोके अरुंद, पाते बारीक पण ताठ, आणि स्वभाव मवाळ. नाकाखाली आणि हनुवटीच्या खळीत तो जातो तसा दुसरा कोणी जात नाही. मोकळ्या गालावर मात्र तो पाऊलपाऊल चालतो. योग्य रीतीने रोज दाढी केली तर माणूस १२० वर्षे जगेल, असे हे कर्नलसाहेब म्हणत असत, असे सांगतात. ते स्वतः १९३७ साली साठीच्या आत वारले.

एवढे सगळे मी हौसेने करीत होतो. पण आमच्या अण्णांचे हात कंपवाताने थरथरू लागले आणि त्यांची दाढी माझ्याकडे आली, तेव्हा या नोंदींना एकदम निराळा अर्थ आला. नव्वदीच्या घरातला माणूस. गाल आत गेलेले, कातडी कागदासारखी पातळ आणि सैल. लहानपणी साताऱ्याकडच्या गावी त्यांच्या वाड्यावर दर आठवड्याला न्हावी यावयाचा, ओट्यावर धोकटी सोडावयाचा, आणि वर्षाकाठी बलुत्याचे धान्य न्यावयाचा. त्या हाताची आठवण अण्णांना शेवटपर्यंत होती, आणि माझ्या हाताची तिच्याशी रोज तुलना होई.

मी साहजिकच सर्वांत मवाळ म्हणून शिकचा रेझर काढला. खुर्ची उजेडाला ओढली, ऊन पाण्याचा पंचा गालांवर धरला, फेस लावला आणि हळूहळू सुरुवात केली. चार-पाच दिवस अण्णा काही बोलले नाहीत. मग एके दिवशी म्हणाले,

'आज कुठला काढला आहेस?'

'शिकचाच, अण्णा. मवाळ आहे.'

'मवाळ नको रे. लवकर आटपणारा काढ. माझी मान फार वेळ राहात नाही.'

शौकिनांच्या वादात हा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता. जहालपणा सोसतो तो ज्याची दाढी होते तो, आणि कर्तबगारी दिसते ती करणाराला. आपली दाढी आपण करतो तेव्हा दोघे एकच असतात, म्हणून हा भेद लक्षात येत नाही. दुसऱ्याच्या गालावर हात ठेवला की आपल्या कातडीकडून मिळणारी बातमी बंद होते. उरतात दोनच गोष्टी, बोटाची चिमूट आणि कान. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्या माणसांनी एवढ्या बातमीवर वस्तऱ्यासारखे विनाकठड्याचे हत्यार कसे पेलले असेल, हे मला त्या सकाळी प्रथम जाणवले.

मायक्रोमॅटिक त्या कातडीवर चालविण्याची माझी छाती झाली नाही. मग जेमचाच, पण नंतरचा, प्लॅस्टिकच्या मुठीचा 'फेदरवेट' काढला. पाते तेच जाड, एकधारी. फट कमी, वजन नावापुरते. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी वर ताणून धरावयाची, डोके सपाट टेकवावयाचे आणि इंच-दीड इंचाचे लहान लहान हात मारावयाचे. कर्र आवाज थांबला की पुढे सरकावयाचे. उलटा हात नाही. दाढी पूर्वीच्या निम्म्या वेळात उरकू लागली. अण्णा गालावरून तळवा फिरवीत आणि 'ठीक' म्हणत. त्यांच्या तोंडून याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणालाच मिळालेले मला माहीत नाही. तीन वर्षे हा क्रम चालला. फेदरवेट अजून खिडकीपाशीच असतो, पण तो मी स्वतःसाठी वापरीत नाही.

या मंडळींचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. रोल्स रेझर या कंपनीच्या नावाखाली जॉन ब्लूम नावाच्या धडाडीच्या व्यापाऱ्याने कपडे धुण्याची यंत्रे विकावयास काढली, आणि १९६४ साली ती कंपनी त्या यंत्रांसकट बुडाली. अमेरिकन सेफ्टी रेझर कंपनीने १९५४ साली ब्रूकलिन सोडून व्हर्जिनियात बस्तान हलविले. शिक आणि विल्किन्सन ही नावे फिरत फिरत २००३ साली एनर्जायझर या बॅटऱ्या करणाऱ्या कंपनीकडे गेली, आणि २०१० साली दिवाळखोरीत निघालेली अमेरिकन सेफ्टी रेझरही तिनेच घेतली. शतकभर एकमेकांच्या गिऱ्हाइकांवर टपून बसलेली घराणी अशी एका छपराखाली आली. तोवर बाजारात एकाखाली एक तीन-तीन, पाच-पाच पाती बसविलेले प्लॅस्टिकचे रेझर स्थिरावले होते. एका हातात पाच हातांचे काम, असा त्यांचा दावा. प्रश्न जुनाच आहे. उत्तर पाती वाढवून शोधले आहे, इतकेच.

पाठीला पोलादी घडी घातलेले एकधारी पाते मात्र सर्वस्वी नाहीसे झालेले नाही. रंगारी खिडकीच्या काचेवरचे वाळलेले ठिपके ज्या लहानशा पात्याने खरवडतात, ते या घराण्यातलेच. जुन्या बाजारात कोणाला जेम किंवा एव्हररेडी सापडला आणि वापरून पाहण्याची हौस वाटली, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हार्डवेअरच्या दुकानातले ते पाते आकाराने त्याच्यासारखे दिसले, तरी त्याला दाढीची धार काढलेली नसते आणि वर मऊ लेपही नसतो. दाढीसाठी केलेली जेमची पाती निराळी असतात. ती मागवून घ्यावीत, डोके गालावर सपाट टेकवावे आणि पहिल्या दिवशी उलटा हात मारू नये.